कांद्याची चाळ आणि वहिनीचा ओटा

आमच्या भावाने नामपूरला एकाच वर्षात दोन बांधकामं काढली. मळ्यात कांद्याची चाळ आणि गावात राहतं घर. चाळीची जागा ठरवायला त्याने आठवडा घेतला. संध्याकाळी बांधावर उभा राहून वारा कुठून येतो ते बघितलं, दोन-चार जुन्या चाळी फिरून आला, मग खुंट्या ठोकल्या. घराचा नकाशा आला तेव्हा स्वयंपाकघराच्या चौकोनात ‘१० × १०’ एवढंच लिहिलेलं होतं. एक ओट्याची रेघ आणि एक खिडकी. सगळ्यांचं बोलणं टाइल्सच्या रंगावर आणि ट्रॉल्यांवर चाललं होतं. माय तेवढी नकाशावर बोट ठेवून म्हणाली, “हाऊ धूर कोठे जाई?”

उत्तर कोणाकडेच नव्हतं. मला लाज वाटली, कारण उत्तर शिकायला आम्हाला लांब जायची गरज नव्हती. ते मळ्यात उभं होतं.

आमच्या बागलाणात उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि चांगल्या दराची वाट बघत दिवाळीपर्यंत तिथेच राहतो. एवढे महिने तो टिकतो तो हवेच्या जोरावर. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो, तळाच्या पट्ट्यांत फटी सोडलेल्या असतात, त्यातून हवा खालून शिरते. कांद्याचा थर चार फुटांच्या आसपासच रुंद ठेवायचा, त्याहून रुंद केला तर ढिगाच्या पोटात वारा पोचत नाही आणि तिथूनच सड सुरू होते. चाळ एक पाखी, म्हणजे एका रांगेची, असेल तर दक्षिणोत्तर, दोन पाखी असेल तर पूर्व-पश्चिम. कांद्याने सोडलेली ऊब आणि ओल वरच्या बाजूने निघून जाते. हवा खालून आत, वरून बाहेर, मध्ये अडथळा नको. मोसम खोऱ्यातल्या पोरासोरांनाही हे पाठ असतं. स्वयंपाकघराचं गणित याहून वेगळं नाही.

जुन्या घरांत ते सांभाळलेलंही होतं. आमचं आधीचं घर धाब्याचं. चुलीच्या बरोबर वर, धाब्यात साणं होतं, म्हणजे उघडा झरोका. सकाळी त्यातून उन्हाची तिरीप चुलीपाशी पडायची आणि धूर त्याच वाटेने वर चढायचा. पाऊस आला की कोणीतरी शिडी लावून त्यावर घमेलं पालथं घालायचं. धूर सगळा जायचा असं नाही, आढ्याची लाकडं काजळीने काळी कुळकुळीत होती आणि मायचे डोळे कायम लाल. पण धुराला वाट ठेवायची असते हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. स्लॅब आला आणि साणं बुजलं. त्याच सुमाराला गॅस आल्यामुळे त्याची आठवणही कोणी काढली नाही.

गॅस आला म्हणजे धूर गेला, हा समज मुळापासून तपासायला हवा. गॅस येणं ही फार मोठी गोष्ट आहे, यात शंकाच नाही. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ज्या घरांत सिलिंडर पोचला त्यांनी ते अनुभवलं आहे. लाकूड, गोवऱ्या, कोळसा आणि रॉकेल यांच्या घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण गॅसची निळी ज्योतही काहीतरी मागे सोडते. १ किलो गॅस जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे २२ लिटरहून जास्त पाणी आणि ४० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड त्या दहा बाय दहाच्या खोलीत सोडला जातो. सोबत नायट्रोजन डायऑक्साइड, जो दमेकऱ्यांना त्रास देतो. आणि हे झालं नुसत्या ज्योतीचं. तव्यावर आणि कढईत काय होतं ते वेगळंच.

आपला स्वयंपाक फोडणीचा. त्यातून खानदेशी घर म्हणजे काळा मसाला. कांदा आणि खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, लाल मिरच्या तेलात परतायच्या, शेवभाजीचा रस्सा तेल सुटेपर्यंत उकळायचा. मिरची परतताना घरभर ठसका उठतो तो मिरचीतल्या कॅप्सायसिनचा. तेलाच्या बारीक तुषारांवर बसून ते हवेत चढतं आणि आपल्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला चटका कळतो त्यालाच जाऊन भिडतं. हा ग्राहक डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा सन्मान झाला. ठसका निदान लगेच कळतो. फार तापलेल्या तेलाचा धूर कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये उच्च तापमानावर तळताना निघणारी वाफ ‘माणसाला बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातली. घाबरून तळणं सोडा असं मी म्हणणार नाही. पण ओट्याशी रोज तीन-चार तास उभ्या राहणाऱ्या बाईच्या नाकासमोरून ती वाफ जाऊ नये, एवढी सोय नकाशातच असली पाहिजे. वहिनीसाठी मला एवढंच हवं होतं.

आता खिडकीपासून बघू. राष्ट्रीय इमारत संहिता कोरड्या-उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान दहाव्या हिश्श्याएवढी खिडकी-झरोके सांगते, चौकट धरून आणि दार सोडून. स्वयंपाकघराला त्यावर पंचवीस टक्के जास्त. म्हणजे आमच्या शंभर चौरस फुटांना साडेबारा चौरस फूट. नकाशातली चार बाय तीनची खिडकी कागदावर जवळपास पुरत होती. पण ती सरकत्या काचांची होती. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही ओढली तरी अर्धीच उघडते. बारा फुटांतले सहाच फूट हवेचे. त्यावर डासांची जाळी, आणि जाळीवर वर्षभरात साचणारा तेलाचा चिकटा. गावात नव्या घरांतून हिंडताना जाळी बोटाने पुसून बघायची मला सवयच लागली आहे. निम्म्याहून अधिक छिद्रं बुजलेली असतात. म्हणून सुताराला सांगून आम्ही बिजागरीची, बाहेर पूर्ण उघडणारी खिडकी केली आणि जाळीची चौकट काढून धुता येईल अशी बसवली.

एक्झॉस्ट फॅनची चूक मात्र जवळपास प्रत्येक घरात सारखीच दिसते. फॅन खिडकीच्या अगदी वर किंवा शेजारी बसवतात आणि स्वयंपाक करताना ती खिडकी उघडी ठेवतात. फॅन आळशी असतो, जवळची हवा आधी ओढतो. शेजारच्या खिडकीतून आलेली बाहेरची ताजी हवा तो तशीच बाहेर फेकत राहतो आणि फोडणीचा धूर बैठकीत जातो. फॅन शेगडीच्या बाजूला उंचावर हवा आणि हवा येण्याची वाट त्याच्या समोरच्या अंगाला, शक्य तितकी खाली. दुसरी चूक याच्या उलटी: सगळी दारं-खिडक्या लावून फॅन लावणे. आत हवा आलीच नाही तर तो बाहेर काय टाकणार? नुसता घरघरतो. आम्ही परसदाराच्या खालच्या भागात फटीची झडप ठेवली. चाळीच्या तळाच्या पट्ट्यांसारखीच.

ही खालची वाट दुसऱ्या कारणासाठीही हवी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, फरशीवर पसरून कोपऱ्यात बसतो. वरचा झरोका त्याच्या काही कामाचा नाही. घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात हे पक्कं बसलं पाहिजे: गॅसचा वास आला की फॅनचं बटण दाबायचं नाही, दिव्याचंही नाही, चालू असेल ते बंदही करायचं नाही. बटणातली ठिणगी पुरते. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, दारं उघडायची आणि बाहेर यायचं.

वाऱ्याची दिशा भावाने चाळीसाठी बघितलीच होती, तीच घराला लावली. आमच्याकडे भर उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत वारा मुख्यतः पश्चिमेचा. पश्चिमेच्या भिंतीत फॅन बसवला तर वारा त्याला उलटा रेटतो, पाऊसही आत येतो. म्हणून फॅन पूर्वेच्या भिंतीत घेतला. वास्तुशास्त्र स्वयंपाकघर आग्नेयेला सांगतं. त्यामागचं कारण काही असो, आमच्या वाऱ्यात त्या कोपऱ्यातला धूर घरात फिरण्याऐवजी घराबाहेर जातो, म्हणून मायचा आग्रह मला मोडावासा वाटला नाही.

चिमणी घ्यायची की नाही यावर घरात बरंच बोलणं झालं आणि शेवटी घ्यायची ठरली. दुकानात चिमणी कपाटासारखी विकली जाते: काच, दिवे, हात हलवला की चालू होणारं बटण. आणि एक मोठा आकडा, तासाला १२०० किंवा १५०० घनमीटर. हा आकडा नळी न जोडता, मोकळ्या हवेतला असतो. खरी गरज किती याचा हिशेब साधा आहे. दहा फूट उंचीच्या आमच्या खोलीत २८ घनमीटर हवा मावते. ती तासाला पंधरा वेळा बदलायची म्हटलं तर सव्वाचारशे घनमीटर पुरतात. मग एवढ्या मोठ्या चिमण्या लावूनही घरं का खोकतात? कारण नळी. सहा इंची तोंडाच्या चिमणीला गवंडी भिंतीत चार इंची भोक पाडून देतो. सहा इंची नळीचं तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असतं. त्यावर दोन-तीन कोपरे आणि छतातून वळणं घेत गेलेली सुरकुतलेली लवचिक नळी. मोटर ओरडते आणि वहिनी डोळे पुसते. नळी सहा इंची, आतून गुळगुळीत, शक्य तितकी आखूड आणि एकाच वळणाची हवी. हे भोक विटा चढत असतानाच सोडायचं असतं. नंतर ग्रॅनाइट आणि टाइल्स बसल्यावर कोणालाही भिंत फोडावीशी वाटत नाही आणि तडजोड होते ती नळीशी.

नळीविना, आतल्या आत हवा गाळून परत सोडणारी चिमणीही मिळते. ती थोडं तेल आणि वास धरते. वाफ, उष्णता आणि ज्योतीचे वायू खोलीतच राहतात. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल तर ठीक, पण स्वतःचं घर बांधणाऱ्याने ती का घ्यावी?

धूर मुळात स्वतःच वर जातो, कढईच्या उष्णतेवर. चढताना तो रुंदावतो. चिमणीने त्याला फक्त गाठायचं असतं. म्हणून तिची रुंदी शेगडीपेक्षा कमी नको आणि उंची शेगडीपासून दोन-अडीच फूट. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने घरातल्या चिमण्या तपासल्या तेव्हा काही पंधरा टक्क्यांहूनही कमी धूर पकडत होत्या, तर काही अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त. मागच्या बर्नरवरचा धूर पुढच्यापेक्षा चांगला पकडला जात होता. मिरची परतायची कढई मागे, भिंतीच्या बाजूला ठेवायची, याला पैसा लागत नाही. छताचा पंखा मात्र या वर चढणाऱ्या धुराचा शत्रू. मे महिन्यात ओट्याशी पंख्याशिवाय उभं राहा असं सांगायची माझी हिंमत नाही. पण फोडणीच्या त्या पाच मिनिटांत तो बंद ठेवला आणि स्वयंपाक झाल्यावर एक्झॉस्ट दहा-पंधरा मिनिटं चालू राहू दिला तर फरक दिसतो.

नळी बाहेर कुठे सोडायची, याचाही विचार लागतो. गावठाणात दोन घरांमधला बोळ तीन फुटांचा. आपली चिमणी बोळात सोडली की आपला धूर शेजारच्या काकूंच्या देवघरात. आम्ही नळी गच्चीच्या कठड्यावर नेली. खर्च वाढला. पण उभ्या उंच नळीचा एक फायदा भारनियमनात कळतो: वीज गेली तरी गरम हवा थोडीफार आपोआप चढत राहते.

यातलं काहीच नवीन नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने चाळीसच्या दशकात धुराड्याची ‘मगन चूल’ लोकांपुढे ठेवली, मगनलाल गांधींच्या नावाची. पुढे १९८३ पासून केंद्राने सुधारित चुलींचा कार्यक्रम चालवला आणि पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, महाराष्ट्रात अशा चुली पोचवल्या. चीनच्या शुआनवेई भागात कोळशाच्या उघड्या आगटीऐवजी धुराड्याची शेगडी बसलेल्या घरांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आल्याचं २००२ च्या अभ्यासात दिसलं. तिथे कोळसा तोच होता, फक्त धुराला वाट मिळाली होती.

चूल आमच्या घरातूनही गेलेली नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे गॅसवर होत नाहीत. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घोटायला मोठं पातेलं चढतं, वर्षाचा मसाला भाजायचा असतो. ही कामं घरात आणूच नयेत असं माझं ठाम मत आहे. परसात पत्र्याची पडवी, तीन बाजूंनी उघडी, चुलीच्या वर धुराडं, पाण्याचा नळ आणि बसायला उंचवटा. नकाशात तिला आठ बाय सहा दिले. भाऊ म्हणाला, तिथे मोटारसायकल मावली असती. वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

घर झालं. वास्तुशांतीच्या आदल्या रात्री मी उदबत्ती पेटवून ओट्याच्या पुढच्या कडेशी धरली. चिमणी चालू, खिडकी आणि दार बंद. धुराची रेघ वर गेली, मधेच डळमळली आणि बैठकीकडे वळली. वहिनी उठली, परसदाराची खालची झडप उघडून आली. रेघ सरळ झाली, मागे झुकली आणि चिमणीच्या तोंडात शिरली. माय दारात उभी राहून बघत होती. तिने माझ्या हातातून उदबत्ती घेतली, पुढच्या बर्नरवर धरली, मागच्या बर्नरवर धरली, मग देवापुढे नेऊन खोचली.