सुखी देशांचे गरिबीचे दिवस

दरवर्षी मार्च महिन्यात जगातल्या सुखी देशांची यादी जाहीर होते. २०१८पासून फिनलंडने त्या यादीतला पहिला क्रमांक सोडलेला नाही. डेन्मार्क, आइसलंड, स्वीडन, नॉर्वे त्याच्या मागोमाग असतात. आमचे यवतमाळही देशाला एका यादीमुळेच ठाऊक झाले. ती यादी शेतकरी आत्महत्यांची. २००६च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्या सहांत यवतमाळ होते. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की आपण चटकन निकाल देतो : त्यांची लोकसंख्या मूठभर, त्यांच्याकडे तेल, त्यांचे नशीब वेगळे. पण तेलाचे मोठे साठे सापडले नॉर्वेला, आणि तेही १९६९मध्ये. त्याआधीची शंभर वर्षे हे देश काय करत होते, हे कोरडवाहू मुलखातल्या माणसाने जरूर पाहावे.

सालीची भाकरी

१८६६ ते ६८ या काळात फिनलंडमध्ये दुष्काळ पडला. आधी अतिवृष्टीने पीक गेले, पुढच्या वर्षी हिवाळा लांबला आणि उरलेले धान्य सप्टेंबरच्या दहिवराने जळाले. लोकांनी पाइन झाडाची आतली साल वाळवून, दळून पिठात मिसळली आणि त्याच्या भाकरी खाल्ल्या. देशातली सुमारे आठ टक्के माणसे उपासमारीने आणि पाठोपाठच्या रोगराईने मेली. आपल्याकडचा छप्पन्नचा दुष्काळ त्यानंतर तीसेक वर्षांनी, १८९९-१९००मध्ये आला.

स्वीडनमधून बारा लाखांहून अधिक आणि नॉर्वेतून सुमारे आठ लाख माणसे अमेरिकेला गेली. आज पुण्या-मुंबईतली मुले नोकरीसाठी स्टॉकहोमला जातात; तेव्हा तिथलीच तरुण मुले पोटासाठी बोटीत बसत होती.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, गरीब शेतकरी आणि कोळी यांच्या वस्तीत कुष्ठरोग ठाण मांडून होता. सरकारने १८५६मध्ये त्या रुग्णांची देशव्यापी नोंदवही सुरू केली. बर्गेन शहरात आर्मौअर हॅन्सन यांना १८७३मध्ये या रोगाचा जंतू दिसला आणि हा पूर्वजन्मीच्या पापाचा किंवा रक्तातून उतरणारा भोग नसून संसर्ग आहे, या विचाराला आधार मिळाला. याच हॅन्सन यांनी एका रुग्ण बाईवर तिला न विचारता प्रयोग केला, तेव्हा १८८०मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयातल्या पदावरून दूर केले. जगाने गौरवलेला डॉक्टर असो, गरीब बाईच्या संमतीवाचून तिच्या शरीराला हात लावता येणार नाही, असा तो निकाल. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याचे आनंदवन लागते. बाबा आमटे यांनी तिथे जे उभे केले, त्याचा वैद्यकीय पाया या बर्गेनच्या गरिबीत आहे.

रंगमंचावरून आलेला उत्तर युरोप

मराठी माणसाची या देशांशी पहिली ठळक भेट झाली ती नाटकातून. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्योर्नसन यांचे, १८८३चे. लग्नाआधी मुलीकडून जे शील मागता, ते मुलाकडून का मागत नाही, हा त्याचा प्रश्न. त्या प्रश्नावरून नॉर्वेत वर्तमानपत्रे, घरे, मैत्र्या दुभंगल्या होत्या. पुढे १९४१मध्ये अनंत काणेकरांनी नॉर्वेच्याच इब्सेन यांच्या नाटकातली नायिका नोरा ‘घरकुल’मधून मराठी रंगमंचावर आणली.

त्याआधी, १९२९च्या ऑगस्टमध्ये, सत्तरी ओलांडलेले महर्षी कर्वे डेन्मार्कमधल्या एल्सिनोर या गावी शिक्षणतज्ज्ञांच्या जागतिक परिषदेला हजर होते. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने उत्तर युरोप ओळखला तो भांडणारा, शिकणारा आणि स्वतःला प्रश्न विचारणारा. सुखाची यादी नंतर आली. फिनलंडच्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला १९०६मध्ये, नॉर्वेच्या स्त्रियांना १९१३मध्ये. तेव्हा दोन्ही देश श्रीमंत नव्हते.

लोणी आणि मत

यवतमाळच्या माणसाने सर्वांत जास्त वेळ थांबावे ते डेन्मार्कपाशी. १८६४च्या युद्धात या देशाने मोठा मुलूख गमावला. पुढच्या दशकात अमेरिका आणि रशियातून रेल्वे-आगबोटींनी स्वस्त धान्य येऊन पडले आणि डॅनिश शेतकऱ्याच्या धान्याचे भाव कोसळले. वऱ्हाडाला हे नवे नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१नंतर इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि ते युद्ध संपताच तो उतरला. आपल्या मालाचा भाव समुद्रापलीकडे ठरतो, हे दोघांनाही एकाच काळात कळले.

डॅनिश शेतकरी धान्याकडून दुधाकडे वळला. १८८२मध्ये पश्चिम जटलंडमधल्या येडिंग या गावात पहिली सहकारी डेअरी निघाली. नियम साधे होते. सभासदाने घरी लागणारे सोडून सगळे दूध डेअरीलाच घालायचे. कर्जाला सगळे मिळून जामीन. नफा दुधाच्या प्रमाणात. मत मात्र माणशी एक, गायी चार असोत की चाळीस. लोणी काढून उरलेले दूध सभासद परत नेई आणि डुकरांना पाजी. त्यातून बेकनचा धंदा उभा राहिला. लोणी आणि बेकन दोन्ही इंग्लंडच्या नाश्त्याला जात. शतक संपेपर्यंत अशा डेअऱ्या हजारावर गेल्या. दुधातून साय वेगळी करणारे यंत्र शेजारच्या स्वीडनमधल्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी सुधारले होते. त्यांच्या कंपनीचा वारसा सांगणारा कारखाना पुण्याजवळ दापोडीला आहे.

सहकाराचे हे यश एकाएकी आले नाही. कुळांना जमीनदाराच्या गावी जखडणारा कायदा डेन्मार्कने १७८८मध्ये मोडला होता आणि १८१४पासून खेड्यातल्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. शिवाय ग्रुंटविग नावाच्या पाद्र्याने मांडलेल्या कल्पनेतून १८४४पासून लोकविद्यालये निघाली. हिवाळ्यात शेती बंद असली की शेतकऱ्यांची जवान मुले तिथे राहायला जात. परीक्षा नाही, पदवी नाही. इतिहास, भाषा, चर्चा आणि दिवसाची सुरुवात गाण्याने. ग्रुंटविग स्वतः शेकडो भक्तिगीतांचे कर्ते. मोझरीच्या गुरुकुंजात खंजिरीच्या तालावर गावाला जागे करणारे तुकडोजी महाराज ज्याने ऐकले-वाचले, त्याला हा पाद्री परका वाटू नये. सभेत उभे राहून बोलायचे, हिशेब विचारायचा, ही सवय तिथे लागली आणि तीच मुले डेअरीच्या समितीवर बसली.

आमचा सहकार

आमच्याकडे १९७२मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू चांगला होता : व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. पण त्यात शेतकरी होता तो गाड्यांच्या रांगेत उभा. प्रत ग्रेडर ठरवी, भाव मुंबईत ठरे, चुकारे महिनोन्महिने थकत. शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळाले की कापूस रातोरात सीमा ओलांडे. नाव सहकाराचे आणि मालकी सरकारची. डॅनिश शेतकऱ्याचा तोटा त्याचा स्वतःचा होता, म्हणून त्याचा हिशेबही स्वतःचा होता. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. जिनिंगचा खर्च किती, गाठीला भाव काय मिळाला, सरकीचे पैसे कुठे गेले, हे विचारायची जागाच कापूस पिकवणाऱ्याला मिळाली नाही.

आरतीच्या ताटाआधी

या देशांना ओवाळायचीही गरज नाही. स्वीडनने १९३५ ते १९७५ या काळात कायद्याच्या आधाराने साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी केली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि अनेकींवर दडपण आणले गेले. कल्याणकारी राज्य उभे राहिले तीच ही वर्षे. नॉर्वेने रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांच्या मुलांना पिढ्यान्पिढ्या शाळेत मातृभाषा बोलू दिली नाही. सामींची स्वतःची संसद १९८९मध्ये सुरू झाली, तीही आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध मोठे आंदोलन झाल्यावर. फोसेन इथल्या पवनचक्क्यांनी सामींच्या हक्काचा भंग झाला, असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये दिला. चक्क्या मात्र फिरत राहिल्या. पांढरकवडा, झरी-जामणीच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, मुले घरी कोलामी बोलतात आणि शाळेत मराठी पुस्तकापुढे गप्प बसतात. या बाबतीत आपण आणि ते फार दूर नाही.

मग घ्यायचे काय? डेन्मार्कला इंग्लंडची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर होती, हवा दुधाला पोषक होती. ते आपल्याला मिळणार नाही. हिवाळी विद्यालय मात्र उसने घेता येईल. कापसाची शेवटची वेचणी उरकल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला काम कमी असते. जिल्ह्यात आता शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. त्यांच्या सभासदांच्या मुलामुलींसाठी त्या मधल्या काळात एक निवासी शाळा चालवावी. तिथे ताळेबंद वाचायला शिकवावा, कापसाचा जगभरचा बाजार समजावून द्यावा, वऱ्हाडाचा इतिहास सांगावा. परीक्षा एकच ठेवावी : पुढच्या वार्षिक सभेत उठून अध्यक्षांना एक अडचणीचा प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचे नाही.