मोफत सेन्सर मिळेल, पण नोंद कोण ठेवणार?

वसई-विरारची हवा आज कशी आहे, हे मोबाइलवर पाहता येते. पण तो आकडा नेमका कुठला, हे आपण क्वचितच विचारतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची सतत मोजणी करणारी केंद्रे वसई पश्चिमेला आणि विरारच्या बोळींज भागात आहेत. दोन्ही जागा रेल्वे रुळांच्या पश्चिमेला. वालीव-सातिवलीचे कारखाने, गोखिवऱ्याचे डम्पिंग ग्राउंड आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग मात्र पूर्वेला. पूर्वेच्या चाळीत राहून तिथेच पाळी करणारा कामगार कसली हवा श्वासात घेतो, हे पश्चिमेच्या यंत्राला कसे कळणार?

यावर एक उपाय म्हणजे वस्तीतील संस्थांना मोफत सेन्सर देणे. लंडनमध्ये ‘ब्रीद लंडन’ उपक्रमाने ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या संस्थेच्या निधीतून २०२१ पासून स्थानिक गटांना अशी यंत्रे दिली. गटांनी अर्ज करायचा, यंत्र कुठे व का हवे ते सांगायचे. आकडे सर्वांसाठी खुले.

आपल्याकडेही याची चाचणी झाली आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मुंबई महानगर प्रदेशात १५ ठिकाणी ४० स्वस्त सेन्सर मंडळाच्या मोठ्या यंत्रांशेजारी लावून पाहिले. मोठ्या यंत्राशी आकडे जुळवून घेतले, तर छोटे यंत्रही उपयोगी पडते, असे त्यातून दिसले.

हे यंत्र चालते कसे? डबीतला छोटा पंखा हवा आत ओढतो. आत लेझरचा किरण असतो. धूलिकणांवर आदळून प्रकाश विखुरतो, आणि त्यावरून एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत याचा अंदाज निघतो. त्यातले पीएम २.५ हे सर्वांत घातक, कारण ते फुप्फुसात खोलवर जातात. भारतातील मानकानुसार २४ तासांची सरासरी ६० च्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ ठरवली. लक्षात ठेवा, ही सरासरी आहे. एका मिनिटाचा आकडा २०० दाखवला म्हणून लगेच फोटो फिरवू नये.

यंत्राच्या मर्यादाही माहीत हव्यात. आपण समुद्राकाठी राहतो. पावसाळ्यात आणि धुक्याच्या पहाटे कण ओलाव्याने फुगतात, तेव्हा यंत्र जास्त आकडा दाखवते. कण मोजणाऱ्या यंत्राला कचऱ्याची दुर्गंधी किंवा रासायनिक वायू कळत नाही. विहाराच्या दारात, जिथे मेणबत्त्या-अगरबत्त्या पेटतात तिथे, किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीशी ते लावले, तर आपलाच धूर मोजला जाईल. मोकळ्या भिंतीवर, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडे उंच, वीज आणि वायफाय मिळेल अशी जागा योग्य. आधी काही दिवस ते सरकारी केंद्राजवळ ठेवून आकडे ताडून पाहावेत.

कालाम सुत्ताची शिकवण इथे थेट लागू पडते. अधिकारी म्हणतात म्हणून मानायचे नाही, आणि यंत्र म्हणते म्हणूनही नाही. स्वतः पडताळायचे.

पडताळणीसाठी एक वही लागते. दिवस, वेळ, वारा कुठून आहे, डम्पिंगला आग लागली का, रस्ता खोदला का, फटाके होते का, हे रोज लिहायचे. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री बहुधा जमिनीकडून. मग आकडा रात्रीच चढतो का, हे वही सांगेल. ‘हवा खराब आहे’ ही तक्रार झाली. ‘अमुक महिन्यात इतक्या रात्री आकडा चढला, त्या प्रत्येक रात्री वारा पूर्वेचा होता’ हा पुरावा झाला.

पुराव्याचे मोल लंडनच्या एला अडू-किसी-डेब्राच्या प्रकरणात दिसले. नऊ वर्षांची ही मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. तिच्या आईने लढा दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची अधिकृत नोंद झाली. घरापासून सुमारे दीड किलोमीटरवरील केंद्राचे जुने आकडे त्या चौकशीत महत्त्वाचे ठरले. ते जपून ठेवलेले नसते, तर आईचे म्हणणे सिद्ध करणे फार अवघड गेले असते.

मग आपण काय मागावे? पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून मोठ्या शहरांना हवेसाठी अनुदान ठेवले, त्यात वसई-विरार आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. या निधीतून पूर्व पट्ट्यातील शाळा, महिला मंडळे आणि विहार समित्यांना काही सेन्सर द्यावेत, असे निवेदन महापालिकेला देता येईल. निधी कशावर खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारता येईल. केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर तक्रारही करता येते.

निवेदनासोबत जागा ठरवावी, आणि वही कोण लिहिणार त्या दोघा-तिघांची नावेही. यंत्र फुकट मिळेल, पण रोजची नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल.