उसातली साखर बुरशी कशी खाते?



गाळप सुरू झाले की वजनकाट्यावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "भाऊ, ऊस तर उभा होता, वजनही भरलं, मग उतारा का पडला?" याला कारणे पुष्कळ आहेत. तोड उशिरा होते, तुटलेला ऊस दोन-दोन दिवस फडात पडून राहतो, मोळीत पाचट नि वाढे येतात. पण एक कारण बाहेरून दिसत नाही, ते म्हणजे कांड्याच्या आत बसलेली बुरशी. ही बुरशी साखर खाते कशी, हे समजले तर बेण्याच्या बाबतीत आपण डोळे झाकून जे धोके पत्करतो, ते पत्करणार नाही, असे आम्हांस वाटते.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. गाय कडबा आधी पोटात घेते, मग पचवते. बुरशीचे उलटे आहे. ती आधी बाहेरच पचवते आणि तयार झालेला रस शोषून घेते. त्यासाठी तिच्या धाग्यांतून काही द्रव्ये पाझरतात, त्यांना विकर किंवा एन्झाईम म्हणतात. विकर काही परके नाही. कळण्याची भाकरी कोरडीच बराच वेळ चावून पाहा, थोडी गोड लागू लागते. आपल्या लाळेतल्या विकराने पिठाची साखर केलेली असते. विकराची गंमत अशी की काम करून ते स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून थोडेसे विकर पुष्कळ नासधूस करू शकते.

उसावरचे ठळक उदाहरण लाल कुजीचे. या रोगाची बुरशी जावा बेटात १८९३ साली वेंट यांनी प्रथम नोंदली आणि आपल्या देशात १९०६ साली बटलर यांनी तिचा अभ्यास मांडला. तिचा बीजाणू ओल्या पानाच्या शिरेवर किंवा पेरावर पडला की रुजतो आणि एक चपटी गादी तयार करतो. त्या गादीला काळ्या रंगाचे घट्ट अस्तर असते. ते तयार करायलासुद्धा बुरशीची स्वतःची विकरे लागतात. अस्तरामुळे आत दाब साठतो आणि गादीखालून निघालेली बारीक सुई सालीत शिरते. मक्यावर याच बुरशीचे एक भावंड असते, त्याच्या गादीचा जोर शास्त्रज्ञांनी १९९९ साली मोजूनही दाखवला. अशा बुरशांमध्ये अस्तराचे विकर बिघडले की गादी पोकळ राहते आणि बुरशी जिवंत असूनही धडक्या सालीत शिरू शकत नाही. जखम मिळाली तर मात्र ती आत जाते. खोडकिडीने पाडलेले भोक आणि टिपरीचे कापलेले तोंड या तिच्यासाठी उघड्या वेशीच.

आत शिरल्यावर दुसरी विकरे कामाला लागतात. उसाच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. भिंतीच्या विटांमधला गारा म्हणा ना. काही विकरे हा गारा विरघळवतात, काही खुद्द विटा फोडतात. मग येते आपल्या खिशाशी संबंध असलेले विकर, इन्व्हर्टेज. ते उसाच्या साखरेचे दोन तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. जिभेला रस गोडच लागतो, पण या दोन साखरांचे पॅनमध्ये दाणे पडत नाहीत. त्या मळीत जातात, आणि जाताना चांगली साखरही थोडी ओढून नेतात. (तुटलेल्या उसात त्याचे स्वतःचे इन्व्हर्टेजही हेच करते. म्हणून ऊस २४ तासांत गाळावा असा आग्रह असतो.)

उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, एकेकाच्या प्लॉटवर नव्हे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये ठरवले आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे रोगट बेणे एकाने लावले तरी त्याचा भुर्दंड सगळ्यांच्या बिलात येतो.

मग सगळेच वाण सारखे बळी का पडत नाहीत? ऊसही गप्प बसत नाही. कांडे चिरल्यावर दिसणारा लाल रंग हा बराचसा उसानेच लढताना तयार केलेला असतो. चांगल्या वाणात ही फळी लवकर उभी राहते आणि बुरशी एक-दोन पेरांत कोंडली जाते. पण बुरशीही बदलते. करनाल येथे निघालेला को. ०२३८ हा वाण २००९ साली प्रसारित झाला. पुढे उत्तर प्रदेशातले निम्म्याहून कितीतरी अधिक क्षेत्र त्या एकट्याखाली गेले. बुरशीचा त्यावर चालणारा प्रकार पुढे आला आणि २०१९-२० नंतर तिथले फड वाळू लागले. शेजारच्या दक्षिण गुजरातेत को.सी. ६७१ ला या रोगाने ग्रासले. महाराष्ट्रात लाल कूज तशी मातलेली नाही, आपला जुना शत्रू काणी. को. ७४० च्या काळातले काळे चाबूक वडीलधाऱ्या सभासदांना आठवत असतील. काणीची बुरशी गरीब चेहऱ्याची. ती भिंती फारशा पाडत नाही, शेंड्यात मुकाट राहते. म्हणून चाबूक निघेपर्यंत कळत नाही.

आता बेण्याचे. डोळे टपोरे दिसले की बेणे चालते, असे आम्हीही एकेकाळी सांगत होतो. ते पुरेसे नाही. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घेऊन टिपरी १० ते १५ मिनिटे बुडवली तर सालीवरची आणि कापलेल्या तोंडाची बुरशी आटोक्यात येते. कांड्याच्या गाभ्यात बसलेल्या धाग्यांपर्यंत ते पाणी पोचत नाही. केळीच्या करप्यावर आपल्याकडे प्रोपिकोनॅझोल मारतात, ते बुरशीच्या एका विकरालाच अडवते आणि तिच्या पेशीचा पडदा नीट बनू देत नाही. पण तेही उभ्या उसाच्या गाभ्यातली लाल कूज बरी करील, या भरवशावर राहू नये. ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया खोलवर जाते, कारण उष्णतेने विकरे गोठतात, अंड्याचा बलक गोठतो तशी. म्हणून मूलभूत बेणे या प्रक्रियेतून काढलेले घ्यावे. वाटेत स्वस्त मिळाले म्हणून नवापूरपलीकडून ट्रकभर बेणे आणू नये.

श्रावण-भाद्रपदात फडात चक्कर मारताना शेंड्याकडून तिसरे-चौथे पान कडेने पिवळे पडून वाळताना दिसले, तर तो ऊस उभा चिरून पाहा. लाल गाभ्यात आडवे पांढरे ठिपके आणि दारूसारखा आंबूस वास आला, तर गट ऑफिसला लगेच कळवा. बेट मुळासकट उपटून जाळा. त्या सरीचे पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका. त्या फडाचा खोडवा ठेवू नका आणि त्या रानात निदान एक हंगाम उसाऐवजी दुसरे पीक घ्या.