स्वतःचा नोड, स्वतःची खातरजमा
लेखमाला : बिटकॉइन समजून घेताना – लेखांक ७

मागील लेखांकात आपण चाव्यांची जपणूक पाहिली. चावी आपल्यापाशी असली की आपली नाणी दुसऱ्या कोणाला खर्चता येत नाहीत. पण समोरून आलेली नाणी खरी आहेत, हे कोण सांगते? मोबाइलमधली बहुतेक वॉलेट हा प्रश्न कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरला विचारतात आणि मिळालेले उत्तर पडद्यावर दाखवतात. विचारताना आपले पत्तेही त्या सर्व्हरला कळतात. आपली शिल्लक किती, पैसे कोठून आले, हे त्याला जुळवता येते. यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे स्वतःचा नोड.

नोड म्हणजे बिटकॉइनचे नियम पाळून घेणारा संगणक. त्यासाठी बहुतेक जण ‘बिटकॉइन कोअर’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून आजवरचा इतिहास ते उतरवून घेते. एकच नाणे दोनदा खर्चले नाही ना, नव्या व्यवहारावरची सही जुळते का, मायनरने ठरल्यापेक्षा जास्त नाणी निर्माण केली नाहीत ना, हे सगळे ते तपासते. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागे ३.१२५ नवी नाणी निघतात. त्याहून जास्त काढणारा ब्लॉक नोड नाकारतो, मायनर कितीही बडा असो. या कामाचे पैसे मात्र मिळत नाहीत.

या तपासणीचे मोल इतिहासाने दाखवले आहे. १५ ऑगस्ट २०१० रोजी सॉफ्टवेअरमधील चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी एका व्यवहारात १८,४०० कोटींहून अधिक नाणी निर्माण केली. एकूण मर्यादा तर २ कोटी १० लाखांची. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली. ती बसवलेल्या नोड्सनी तो ब्लॉक नाकारला आणि ती साखळी मागे पडली. पुढे २०१७ मध्ये अनेक कंपन्या आणि बहुसंख्य मायनर्स ब्लॉकचा आकार वाढवायला राजी झाले होते. अनेक वापरकर्त्यांनी नव्या नियमांचे सॉफ्टवेअर चालवायला नकार दिला. पुरेशी सहमती नाही, हे मान्य करत ८ नोव्हेंबरला ती योजना मागे घेण्यात आली.

वापरकर्त्यांच्या त्या नकाराला वजन आले, कारण पैसे स्वीकारायचे की नाही हे त्यांचे नोड ठरवत होते. कोपऱ्यात नुसता चालू ठेवलेला आणि वॉलेटला न जोडलेला नोड नेटवर्कला थोडा हातभार लावतो. मालकाच्या व्यवहाराची खातरजमा करत नाही. म्हणून नोड बसवणे हे अर्धेच काम आहे.

आता सामग्री. पूर्ण इतिहास ७०० जीबीच्या घरात आहे आणि तो वाढतो आहे, म्हणून २ टीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम असलेला छोटा संगणक घ्यावा. जागा कमी असेल तर ‘प्रून’ पद्धत वापरा : तपासणी पूर्ण होते, जुने ब्लॉक मात्र नंतर पुसले जातात. त्यामुळे जुने वॉलेट नव्याने जोडताना अडचण येते, हे ध्यानात असू द्या. पहिल्या जुळवणीला काही तासांपासून काही दिवस लागतात, म्हणून ब्रॉडबँडची मासिक डेटा मर्यादा आधी पाहा. वीज अचानक गेली तर डेटा बिघडू शकतो. इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच. सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या आणि त्याची डिजिटल सही पडताळा. नोडला आज्ञा देणारा ८३३२ हा पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका.

दुकानदार किंवा छोट्या व्यावसायिकासाठी ‘बीटीसीपे सर्व्हर’ उपयोगी आहे. निकोलस दोरिए या प्रोग्रामरने २०१७ च्या त्याच वादाच्या काळात ते सुरू केले. ते आपल्याच नोडवर चालते आणि प्रत्येक बिलासाठी नवा पत्ता तयार करते. त्याला खर्चाची चावी देऊ नका; पत्ते तयार करणारी सार्वजनिक की पुरते. मग सर्व्हरमध्ये कोणी शिरले तरी त्या वॉलेटमध्ये जमलेली नाणी हलवता येत नाहीत. पण शिरलेला माणूस ती की बदलून पुढची बिले स्वतःकडे वळवू शकतो, म्हणून आलेली रक्कम आपल्या वॉलेटमध्ये दिसते का, हे नियमाने पाहावे.

नोड असल्याने कायद्याची जबाबदारी कमी होत नाही. भारतात एप्रिल २०२२ पासून बिटकॉइनसारख्या मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आहे; त्याच वर्षीच्या जुलैपासून ठरावीक मर्यादेवरील व्यवहारांत १ टक्का टीडीएसही लागतो. व्यवसायात बिटकॉइन घेण्याआधी आपल्या सीएशी बोला.

शेवटी एक चाचणी. वॉलेटच्या सेटिंगमध्ये सर्व्हर म्हणून आपल्या नोडचा पत्ता टाका आणि नोड काही मिनिटे बंद करा. वॉलेटने नवी माहिती दाखवणे थांबवले, तर जोडणी बरोबर आहे. तरीही ते बिनधास्त चालत राहिले, तर उत्तरे अजून दुसऱ्याच कोणाकडून येत आहेत.

पुढील लेखांकात : नोडच्या आधाराने लाइटनिंगवर छोटी देयके कशी घ्यावीत.