जुनी रेकॉर्ड भारी की नवी? माझ्या फोनने दिलेलं उत्तर

गेल्या वर्षी मी पैसे साठवून टर्नटेबल घेतला आणि त्यावर वाजवायला पहिली रेकॉर्ड आणली ती माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. हा १९५९ सालचा जॅझ अल्बम आहे. माझी कॉपी अर्थातच नवी, म्हणजे रीइश्यू. तीन हजारांच्या वर पैसे गेले.

मित्राच्या काकांकडे हाच अल्बम होता. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेतून आणलेला, लाल लेबलचा. माझी रेकॉर्ड बघून ते म्हणाले, "नव्यात काही राम नाही रे. ही घेऊन जा आणि ऐक." मी घेऊन आलो, आणि इथेच घोळ सुरू झाला.

काकांची रेकॉर्ड लावली आणि फोनवर तोच ट्रॅक स्ट्रीमिंगवर एकाच वेळी सुरू केला. थोड्याच वेळात रेकॉर्ड पुढे, फोन मागे! फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बघितलं, तर रेकॉर्डचा सूर जरा चढा. माझी नवी रेकॉर्ड मात्र फोनशी बरोबर जुळत होती. मग काकांची रेकॉर्ड उलटवली. दुसरी बाजू अगदी नीट! एकाच रेकॉर्डची एक बाजू चढी आणि दुसरी बरोबर, असं कसं?

आधी टर्नटेबल तपासला

मला वाटलं, टर्नटेबलच बिघडला. फोनमधल्या जायरोस्कोपने फिरण्याचा वेग मोजणारी अ‍ॅप्स मिळतात. सुई बाजूला ठेवली, एक नको असलेली रेकॉर्ड लावून तिच्यावर फोन आडवा ठेवला आणि टर्नटेबल सुरू केला. आकडा मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या अगदी जवळ. म्हणजे मशीन ठीक होतं.

चूक १९५९ मधली निघाली

शोधल्यावर कळलं की ही गोष्ट जॅझवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. या अल्बमचं रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३० स्ट्रीट स्टुडिओत दोन वेळा झालं: २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू चालणाऱ्या मशीनवर रेकॉर्ड केलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली, की संगीत जलद होतं आणि सूर चढतो. त्या दिवशीचे तीन ट्रॅक म्हणजेच रेकॉर्डची पहिली बाजू.

सोबत दुसऱ्या मशीनवर सेफ्टी टेपही चालू होती, आणि तिचा वेग बरोबर होता. पण ती वापरून चूक दुरुस्त झाली थेट १९९२ मध्ये. म्हणजे त्याआधी ३३ वर्षं लोकांनी पहिली बाजू चढ्या सुरातच ऐकली. ज्यांनी घरी वाद्य घेऊन सोबत वाजवायचा प्रयत्न केला असेल, त्यांचे काय हाल झाले असतील, विचार करा!

थोडक्यात, या अल्बमच्या बाबतीत सूर 'बरोबर' हवा असेल तर नवी कॉपी घ्यायला हवी.

मग जुन्याला एवढा भाव का?

कारण प्रत्येक वेळी असं होत नाही. रेकॉर्ड बनते कशी ते बघू. स्टुडिओतल्या टेपवरून एक इंजिनिअर लॅकर नावाच्या मऊ डिस्कवर खाचा कोरतो. त्यावरून धातूचे साचे बनतात आणि त्या साच्यांनी रेकॉर्ड दाबून काढल्या जातात. ओरिजिनल प्रेसिंगच्या वेळी टेप ताजी असते. पुढे टेप जुनी होते, कधी तिची कॉपी वापरली जाते, कधी साचे झिजतात.

आणि कोरणारा माणूस कोण, यानेही खूप फरक पडतो. लेड झेपलिनचा दुसरा अल्बम १९६९ मध्ये आला, तेव्हा बॉब लडविग या इंजिनिअरने तो दणदणीत आवाजात कोरला होता. इतका, की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची. म्हणून नंतर तो हलक्या आवाजात पुन्हा कोरला गेला. आज संग्राहक त्या पहिल्या कॉपीच शोधतात. ओळख कशी? लेबलभोवतीच्या गुळगुळीत कडेवर कोरलेली 'आरएल' ही अक्षरं.

'अ‍ॅनालॉग' शब्दाचा घोळ

नव्या रेकॉर्डच्या कव्हरवरचे मोठे शब्द वाचून लगेच भाळू नका. 'मोबाइल फिडेलिटी' ही महागड्या रीइश्यूंसाठी नावाजलेली अमेरिकन कंपनी. गिऱ्हाइकांना वाटायचं की तिच्या रेकॉर्ड टेपवरून थेट कोरल्या जातात. २०२२ मध्ये उघड झालं की अनेक रेकॉर्डसाठी टेपची आधी डिजिटल कॉपी केली जात होती. लोक भडकले. गंमत म्हणजे याच रेकॉर्डचं आधी भरपूर कौतुक झालं होतं! डिजिटल पायरीने आवाज खराब होतोच असं नाही. राग होता तो ही गोष्ट स्पष्ट न सांगण्याचा.

'१८० ग्रॅम' हेही तसंच. त्यातून फक्त रेकॉर्डचं वजन कळतं, आवाजाचा दर्जा नाही.

विकत घेण्याआधी काय बघाल?

१. कोणत्या टेपवरून किंवा फाइलवरून बनवली, हे लिहिलंय का?
२. कोरणाऱ्या इंजिनिअरचं नाव दिलंय का?
३. जुनी कॉपी असेल तर दुकानात लावून ऐका. घासलेल्या ओरिजिनलपेक्षा स्वच्छ रीइश्यू कधीही बरी.
४. कडेवरच्या अक्षरांचा फोटो काढा आणि नेटवर शोधा. कॉपी कधीची ते बहुतेक वेळा कळतं.

काकांना रेकॉर्ड परत करताना मी दबकतच सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कॉपी लागोपाठ ऐकल्या. मग हसून म्हणाले, "तुझी बरोबर असेल रे. पण माझ्या कानांना हीच सवयीची." आणि आपली रेकॉर्ड पुसून परत कव्हरमध्ये ठेवली.

मी वाद घातला नाही. माझ्या फोनने सूर मोजला, पण त्यांची पंचेचाळीस वर्षांची सवय कुठल्या अ‍ॅपने मोजणार?