इथेनॉलचा हिशेब पुरा मांडा

पेट्रोलात शेकडा २० भाग इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालासाठी ठरले होते. ते २०२५ सालीच गाठले गेले. सरकारी योजना मुदतीच्या आधी तडीस जाण्याचा योग आपल्या देशात क्वचितच येतो. तेव्हा संबंधितांचे अभिनंदन करताना आम्ही हात आखडता घेणार नाही. आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येते. आखातात तोफा धडाडल्या की आपल्या बाजारात भाजी महागते. अशा स्थितीत ऊस, मका व तांदूळ यांपासून घरचे इंधन तयार होत असेल आणि त्याचा पैसा शेतकऱ्याच्या पदरात पडत असेल, तर त्यास विरोध करण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच की, या योजनेचा जमेचा रकाना जसा मोठ्या अक्षरांत दाखविला जातो, तसा खर्चाचाही दाखविला पाहिजे.

इथेनॉल म्हणजे मद्यार्कच. काजूच्या भट्टीवर हुर्राक व फेणी उतरताना पाहिलेल्या गोमंतकीयास त्याची निराळी ओळख करून द्यावयास नको. परंतु एक लिटर पेट्रोलातून जेवढी उष्णता मिळते, तिच्या सुमारे दोन-तृतीयांशच एक लिटर इथेनॉलातून मिळते. शेकडा १० मिश्रणापर्यंतच जुळविलेल्या जुन्या मोटारी २० च्या मिश्रणावर शेकडा ६ ते ७ कमी अंतर कापतील, असा अंदाज निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला आहे. म्हणून जुन्या वाहनांसाठी १० चे मिश्रण उपलब्ध ठेवावे आणि ग्राहकाला करसवलत देऊन त्याचे नुकसान भरून काढावे, असेही त्यात सुचविले होते. प्रत्यक्षात पंपावर निवडही उरली नाही आणि भावही उतरला नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलाचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. पण म्हणून सरकारचे नैतिक उत्तरदायित्व संपत नाही.

किनारपट्टीवर आणखी एक अडचण आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने दमट हवा. टाकीत पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि इंजिन बंद पडते. रस्त्यावर स्कूटर बंद पडली तर ती ढकलत नेता येते. भर समुद्रात होडीची मोटर बंद पडली तर मच्छीमाराने काय करावे? मिश्रणाचे प्रमाण ठरविताना या माणसाचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही.

या वाटेने आपल्या आधी गेलेल्या ब्राझीलचा अनुभव बोलका आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या देशाने १९७५ साली उसाच्या मद्यार्काची राष्ट्रीय योजना हाती घेतली आणि १९७९ पासून केवळ त्यावर चालणाऱ्या मोटारी रस्त्यांवर आणल्या. पुढे कारखाने साखरेकडे वळले, १९८९ च्या सुमारास इथेनॉलची टंचाई झाली आणि लोकांचा विश्वास उडाला. तो परत आला २००३ नंतर, दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी आल्यावर. तेथील पेट्रोलातही इथेनॉल असते. पण गाड्या त्यासाठीच घडविलेल्या असतात. शिवाय शुद्ध इथेनॉलचा भाव पेट्रोलाच्या शेकडा ७० च्या खाली असेल तरच ते घ्यावे, हा हिशेब तेथला चालक पंपावर उभ्या उभ्या करतो. योजना पुन्हा सावरली ती सक्तीने नव्हे, निवडीने.

खर्चाच्या रकान्यात पाणीही आले. उसापासून एक लिटर इथेनॉल करावयास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडाही निती आयोगाचाच. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारलाच निर्बंध घालावे लागले. धारबांदोड्याच्या बंद पडलेल्या संजीवनी साखर कारखान्यात इथेनॉल प्रकल्प उभारण्याचे बेत आखणाऱ्यांनी हा धडा विसरू नये. पानिपत येथे २०२२ पासून भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प उभा आहे. अन्न व पाणी यांच्या तोंडचा घास न काढणारी हीच दिशा आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटते.

तेलाची परावलंबिता संपलीच पाहिजे. परंतु त्यासाठी जुन्या वाहनांना व मच्छीमारांना १० चे मिश्रण मिळावे, कमी उष्णतेच्या इंधनाला कमी भाव असावा आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळकपणे लिहिलेले असावे. देशासाठी झीज सोसण्यास सामान्य माणूस नेहमीच तयार असतो. ती किती सोसावयाची, एवढे तरी त्यास आधी सांगावे.