अनिता देसाई यांची ‘क्राय, द पीकॉक’ : निवेदनशैली आणि स्त्रीची मनोव्यथा

भारतीय इंग्रजी कादंबरीत स्त्रीच्या अंतर्मनाला केंद्रस्थान देणाऱ्या लेखिकांमध्ये अनिता देसाई यांचा उल्लेख प्राधान्याने केला जातो. ‘क्राय, द पीकॉक’ (१९६३) ही त्यांची पहिली कादंबरी. दिल्लीतील वकील गौतम आणि त्याची वयाने बरीच लहान पत्नी माया यांच्या विसंवादी सहजीवनाची ही कथा आहे. विवाहानंतर चार वर्षांनी दोघांपैकी एकाचा मृत्यू होईल, हे बालपणी ऐकलेले भविष्य मायाच्या मनाला ग्रासून टाकते. तिची व्यथा केवळ कथानकातून नव्हे, तर निवेदनाच्या घडणीतून व्यक्त होते, हे या कादंबरीचे वैशिष्ट्य होय.

कादंबरीचे तीन भाग आहेत. पहिला व तिसरा हे छोटे भाग तृतीयपुरुषी निवेदनात असून मधला प्रदीर्घ भाग माया स्वतः सांगते. आरंभी तिचा पाळीव कुत्रा मरतो. गौतमच्या लेखी तो व्यवहाराचा, त्वरित उरकावयाचा प्रश्न असतो. माया मात्र त्या मृत्यूने हादरून जाते. बाहेरून पाहता हा शोक अवाजवी वाटतो. प्रथमपुरुषी निवेदन सुरू होताच त्यामागील भीती, एकाकीपण आणि पतीची अलिप्तता यांची संगती लागते.

मायाची भाषा प्रतिमांची आहे. चंद्र, उन्हाळ्याचा दाह, मोरांचा आर्त केका यांची आवर्तने होत राहतात. भूतकाळ व वर्तमान यांच्यातील सीमा पुसट होत जाते. याउलट गौतमची भाषा तर्काची व गीतेतील अनासक्तीची आहे. दोघे एकमेकांशी बोलतात. परंतु त्यांच्या भाषा परस्परांना भेटत नाहीत.

अखेरीस गच्चीवर गौतम माया आणि चंद्र यांच्यामध्ये येतो व ती त्याला खाली ढकलते. त्यानंतर निवेदन पुन्हा तृतीयपुरुषी होते. गौतमची आई व बहीण तिला लखनौला माहेरी नेतात. आता मायाविषयी इतरच बोलतात; तिचा स्वतःचा स्वर निवेदनातून नाहीसा झालेला असतो.

मायाला केवळ मनोरुग्ण म्हणणे म्हणजे सासरची दृष्टी स्वीकारणे होय. केवळ पीडिता म्हणणे म्हणजे गौतमच्या मृत्यूचा विसर पडणे होय. कादंबरीची त्रिभागी रचना या दोन्ही सोयीच्या निष्कर्षांना अटकाव करते. म्हणूनच ही कादंबरी अध्यापनात घेताना मायाच्या आजाराच्या निदानापेक्षा तिची कथा कोण आणि कोणत्या भाषेत सांगत आहे, हा प्रश्न अग्रभागी असणे आवश्यक ठरते.